मशीनला दिसत नाही, ते फक्त मोजतं

मागच्या अंकात घरच्या बीन टू कप मशीनवर लिहिलं होतं. वरून दाणे घालायचे, बटण दाबायचं, मशीन तिथल्या तिथे दळणार, दाबणार, गरम पाणी सोडणार आणि कॉफी कपात उतरणार, असं ते यंत्र. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. मी एकोणीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर ही मशीन उघडली, त्यामुळे पत्र वाचता वाचताच आत काय झालं असेल ते डोळ्यांसमोर येतं. सारख्या तक्रारी एकत्र केल्या आहेत. नावं सगळ्यांचीच वगळली आहेत.

प्रश्न : ताई, मशीन घेऊन तीन आठवडे झाले. कॉफी पाणचट लागते आणि वर आंबटही. 'स्ट्राँग'ची तिन्ही चिन्हं पेटवून झाली, कप मोठा करून झाला, दाणे दोनदा बदलले. घरातले म्हणतात, बाटलीतली इन्स्टंटच बरी होती. परत करू का?

एवढ्यात परत करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं काहीच मशीन बिघडल्याचं लक्षण नाही.

आधी कप लहान करा. मशीन एका वेळी साधारण सात ते अकरा ग्रॅम दाणे दळतं. तेवढ्या पुडीतून चाळीस मिली पाणी काढलं तर कॉफी दाट उतरते. त्याच पुडीतून दोनशे मिली काढलं तर पुडीत देण्यासारखं होतं ते केव्हाच उतरलेलं असतं, आणि मागून येणारं पाणी फक्त कडवट, लाकडासारखी चव घेऊन येतं. मोठा कप हवा असेल तर चाळीस मिली काढून वरून साधं गरम पाणी घाला, किंवा लहान कप दोनदा काढा. 'स्ट्राँग'चं बटण पूड थोडी वाढवतं, पण पाणी पाचपट झाल्यावर त्या थोड्याचा पत्ता लागत नाही.

आता आंबटपणा. कॉफीतून आम्लं सगळ्यात आधी विरघळतात, मग गोडवा, आणि कडवटपणा शेवटी. पूड जाड असली की पाणी तिच्यातून धावत सुटतं आणि आम्लं तेवढी घेऊन कपात येतं. नवीन मशीन बहुतेक वेळा मधल्या किंवा जाड दळणावर लावलेलं येतं, म्हणजे कोणत्याही दाण्यावर ते अडकू नये. पंपाचा घुमणारा आवाज सुरू झाला की मनात आकडे मोजा. चाळीस मिली पंचवीस ते तीस सेकंदांत भरलं तर छान. दहा-बारा सेकंदांत कप भरत असेल तर दळण बारीक करा.

पण कसं करायचं, ते नीट वाचा. हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या दाण्यांच्या डब्यात, दळण जाड-बारीक करणारी चकती असते. ती ग्राइंडर चालू असतानाच फिरवायची, एका वेळी एकच घर. ग्राइंडर म्हणजे छोटं जातं, दोन दातेरी कडी एकमेकांवर फिरतात. बंद असताना त्यांच्यामध्ये दाण्यांचे तुकडे अडकून बसलेले असतात. अशा वेळी जोर लावून बारीककडे फिरवलं की आतले प्लास्टिकचे आटे जातात. असे गेलेले आटे मी किती बदलले याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी मशीन आणणारा म्हणायचा, 'मी फक्त जरासं फिरवलं होतं.' एक घर फिरवल्यावर पुढचे दोन कप चवीला धरू नका, कारण नळीत आधीची पूड राहिलेली असते. तिसऱ्या कपावर निर्णय घ्या. कॉफी थेंबथेंब येऊ लागली आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर एक घर मागे या.

एवढ्यावरही आंबट लागली तर सेटिंगमध्ये पाण्याचं तापमान वरच्या पायरीवर न्या. कॉफीला नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी लागतं, आणि फिकट भाजलेल्या दाण्यांना त्यातलं वरचं टोक. जाड चिनी मातीचा थंड कप चाळीस मिलीतली उष्णता क्षणात पिऊन टाकतो, म्हणून कपात आधी गरम पाणी फिरवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही कप, दाणे आणि स्ट्राँग एका दमात बदललंत, म्हणून कशाने काय झालं ते कळायला वाव राहिला नाही.

एक राहिलं. चोथ्याची वडी ओली निघते म्हणून काळजी करू नका. कप चांगला लागत असेल तर वडी कशी दिसते याला महत्त्व नाही.

प्रश्न : दाणे कोणते घ्यावेत? दुकानदार म्हणतो, जितके काळे आणि चकचकीत तितके चांगले. आणि फ्रिजमध्ये ठेवायचे ना?

चकचकीत नकोत. ती चमक म्हणजे फार भाजल्यामुळे दाण्याबाहेर आलेलं तेल. तेलकट दाणे हॉपरच्या उतारावरून घसरत नाहीत, एकमेकांना चिकटून वर पूल बांधतात. खाली ग्राइंडर मोकळा फिरतो आणि मशीन 'दाणे संपले' म्हणतं, वर हॉपर भरलेला असताना. तेल नळीत साचतं, त्यावर पूड बसते आणि काही महिन्यांत त्याचा डांबरासारखा गोळा होतो. मध्यम भाजलेले, हाताला कोरडे लागणारे दाणे घ्या.

साखर घालून भाजलेले किंवा वरून स्वाद चढवलेले दाणे ग्राइंडरमध्ये अजिबात नकोत. एकदा टेबलावर आलेलं मशीन उघडलं तर दोन्ही कडी काळ्या काचेसारख्या थरात जाम झाली होती. दळताना कडी तापतात, साखर वितळते, मशीन बंद झालं की घट्ट होते. मी ते गरम पाण्यात तासभर ठेवून लाकडी काडीने खरवडलं, तरी पूर्वीसारखी धार काही आली नाही.

पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच पाकीट घ्या. भाजलेल्या दाण्यातून कितीतरी दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. पहिल्या आठवड्यात तो इतका असतो की कपात नुसता फेस दिसतो, आणि सहा-सात आठवड्यांनी वास उतरू लागतो. मी भाजल्यापासून आठवडा ते पाच आठवडे एवढ्या काळात वापरते. हॉपर गच्च भरू नका, दोन दिवसांचे दाणे घाला. उरलेले हवाबंद डब्यात, ओट्यापासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिज नको. डबा बाहेर काढला की थंड दाण्यांवर दव धरतं, आणि ते ओलसर दाणे ग्राइंडरमध्ये जातात.

प्रश्न : चोथ्याचा खण रिकामा आहे, तरी मशीन 'खण रिकामा करा' असं सांगत राहतं आणि कॉफी देत नाही. सेन्सर गेला का?

बहुतेक मशीनमध्ये चोथा पाहणारा सेन्सर नसतोच. मशीनला दिसत नाही, ते फक्त मोजतं. दहा-बारा वड्या झाल्या की ते थांबतं, आणि खण बाहेर निघाला की आकडा शून्यावर आणतं. तुम्ही मशीन बंद असताना खण रिकामा केला असणार. बंद मशीनला खण निघाल्याचं कळलंच नाही. आता मशीन चालू ठेवून खण बाहेर काढा, सावकाश दहापर्यंत मोजा आणि आत सरकवा.

याची दुसरी बाजू मात्र ध्यानात ठेवा. मशीन चालू असताना खण उगाच बाहेर काढून न रिकामा करता परत आत ठेवलात, तरी आकडा शून्यावर येतो. मग वड्या वरपर्यंत साठतात, पूड दाबणाऱ्या भागाला, म्हणजे ब्रू ग्रुपला, खेटतात आणि तो अडकतो.

प्रश्न : महिनाभर परगावी होतो. परत येऊन मशीनचं दार उघडलं तर आत पांढरी-हिरवी लव. बायको म्हणते फेकून द्या. एवढं महाग यंत्र फेकवत नाही. वाचेल का?

वाचेल. आणि तुमच्यावर जे आलं ते माझ्याही घरी येऊन गेलंय. आई रुग्णालयात होती, बावीस दिवस मी घरी फक्त कपडे बदलायला येत होते. तिला घरी आणल्या दिवशी दोघींसाठी कॉफी करावी म्हणून मशीनजवळ गेले, तर दार उघडण्याआधीच वास आला, बंद खोलीतल्या ओल्या पोत्यासारखा. खणातल्या शेवटच्या चार वड्यांवर राखाडी कापूस चढला होता. ऊबदार, अंधारं, ओलं आणि वर खायला चोथा, बुरशीला याहून काय हवं? निघायच्या दिवशी खण रिकामा करायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या दिवशी ते सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती.

नाक-तोंड रुमालाने बांधा. आधी चोथा पिशवीत घालून पिशवीची गाठ मारा, म्हणजे बुरशीची पूड घरभर उडणार नाही. खण, ड्रिप ट्रे, टाकी गरम पाण्यात साबणाने धुवा. टाकीतलं जुनं पाणी आणि हॉपरमधले दाणे फेकून द्या.

मग ब्रू ग्रुप. दोन मुठींएवढा हा भाग, यातच पूड दाबली जाते आणि यातूनच पाणी जातं. तुमच्या मशीनला बाजूचं दार आहे, म्हणजे तो काढता येतो. मशीन बटणाने बंद करा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा. प्लग उपटू नका. बटणाने बंद केल्यावरच ग्रुप आपल्या जागी येऊन बसतो, अर्ध्यावर थांबलेला ग्रुप ओढलात तर तुटेल. बाहेर काढून कोमट पाण्याच्या धारेखाली धरा, वरच्या जाळीवर अंगठा फिरवा. तपकिरी पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत धरा. साबण लावू नका, डिशवॉशरमध्ये तर मुळीच घालू नका, सरकणाऱ्या भागांवरचं ग्रीस धुऊन जातं. रात्रभर बाहेर वाळू द्या. मशीनच्या आतल्या भिंती ओल्या फडक्याने, कोपरे जुन्या टूथब्रशने पुसा आणि दारही रात्रभर उघडं ठेवा.

सकाळी ग्रुप आत जात नसेल तर जोर लावू नका. धुताना त्याची कळ हलली असेल. ग्रुपवर आणि कळेवर बाणासारख्या खुणा असतात, त्या एका रेषेत आणल्या की तो टक् असा आवाज करून बसतो. त्यानंतर तेल काढणाऱ्या गोळीचं क्लीनिंग चालवा, दोन टाक्या साधं पाणी काढा आणि पहिले चार-पाच कप ओतून द्या. एवढं करूनही वास राहिला, किंवा दाणे पडतात त्या तोंडात लव दिसली, तर मशीन उघडणाऱ्या माणसाकडे न्या. ज्यांच्या मशीनमध्ये ग्रुप आत पक्का बसवलेला असतो त्यांना हे हाताने करता येत नाही, त्यांचा भरवसा गोळीवर आणि ठरावीक काळाने होणाऱ्या सर्व्हिसिंगवर.

रोज खण आणि ट्रे रिकामे करा, आठवड्यातून एकदा ग्रुप धारेखाली धरा, दोन-तीन महिन्यांनी त्याच्या रबरी कड्यांना आणि खाचांना खाद्य दर्जाचं सिलिकोन ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं. व्हॅसलिन नको, खनिज तेलाने रबर फुगतं. माझ्या टेबलावर 'ग्रुप जाम' म्हणून आलेल्या मशीनपैकी कितीतरी निव्वळ धुऊन आणि ग्रीस लावून परत गेली.

प्रश्न : डिस्केलिंगचं, म्हणजे आतला क्षारांचा थर काढायचं, द्रव फार महाग पडतं. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व चालेल का? आणि आरओचं पाणी वापरलं तर डिस्केलिंग टळेल का?

पाण्यात विरघळलेली कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं तापली की त्यांतून कार्बोनेट वेगळं होऊन भिंतींना चिकटतं. किटलीच्या तळाशी दिसतो तोच पांढरा थर. किटलीत तो डोळ्यांना दिसतो. मशीनमध्ये तो पाणी तापवणाऱ्या थर्मोब्लॉकच्या बारीक वाटांत बसतो, मग पाणी नीट तापत नाही, धार बारीक होते आणि एक दिवस बंद पडते. आम्ल त्या थराचं विरघळणारं मीठ करतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतं. डिस्केलिंगला ट्रेमध्ये बुडबुडे दिसतात ते याचेच.

मग व्हिनेगरही आम्लच की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण त्याचा वास रबरी भागांत मुरतो, पुढचे कित्येक कप आंबूस लागतात आणि रबर लवकर जुनं होतं. लिंबूसत्त्वाचा धोका निराळा. त्याने बनणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात गारपेक्षा कमी विरघळतं. दाट द्रावण तापल्या मशीनमधून फिरवलं तर तेच खाली बसून वाट अडवू शकतं. म्हणून कंपन्यांची द्रावणं बहुधा लॅक्टिक किंवा सल्फॅमिक आम्लाची असतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत जे सांगितलंय तेच घ्या. इथे वाचवलेले पैसे दुरुस्तीत दुपटीने जातात.

खर्च कमी करण्याची खरी जागा पाण्यात आहे. मशीनबरोबर आलेली चाचणीची पट्टी नळाच्या पाण्यात बुडवा आणि रंग जुळवून तो आकडा मशीनमध्ये भरा. मशीन थर पाहत नाही. किती लिटर पाणी गेलं ते मोजतं, आणि तुम्ही भरलेल्या कठीणपणावरून डिस्केलिंगची तारीख काढतं. आकडा भरलाच नाही तर मऊ पाण्यावर विनाकारण डिस्केलिंग होतं, किंवा कठीण पाण्यावर फार उशिरा.

निव्वळ आरओच्या पाण्याने थर जवळजवळ बसत नाही, पण कॉफी सपक होते, कारण चव ओढून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात लिटरमागे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार हे लक्ष्य आणि ७५ ते २५० ही मर्यादा दिली आहे. घरी हे क्षार मोजणारं टीडीएस मीटर असेल तर आरओचं आणि गाळलेलं नळाचं पाणी मिसळून त्या आकड्याच्या आसपास या. टाकीत बसवायचा फिल्टर घ्यायचा असेल तर तो साधारण दोन महिन्यांनी बदलावा लागतो, हे धरूनच हिशेब करा. डिस्केलिंगच्या आधी तो काढायला विसरू नका. आणि डिस्केलिंग अर्ध्यावर सोडू नका, आम्ल आत राहतं.

अजून एक गोंधळ बऱ्याच पत्रांत दिसला. गोळी कॉफीच्या तेलासाठी असते, द्रव क्षारांसाठी. एक केलं म्हणून दुसरं टळत नाही.

प्रश्न : दुधाला पूर्वी सुंदर फेस यायचा, आता नुसतं गरम दूध येतं आणि फसफसतं.

दुधाच्या नळीच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं, हवा आत घेण्यासाठी. दुधाचा थेंब वाळून ते बुजलं असणार. तो भाग सुटा करा, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मऊ ब्रशच्या एका केसाने भोक मोकळं करा. टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर हवा जास्त येते आणि फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो.

दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरा. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. साठ-पासष्ट अंशांपर्यंत दूध गोड लागतं, सत्तरच्या पुढे उकळल्याचा वास येतो. उकळून गार केलेलं दूध असेल तर साय गाळून घ्या, तिचा एक तुकडाही नळी अडवायला पुरे. दूध जुनं असेल तर त्यातल्या स्निग्धाचं विघटन होऊन फेस पटकन बसतो, त्याला मशीन काही करू शकत नाही. प्रत्येक वापरानंतर पाण्याचं रिन्स चालवाच. दूध राहिलेली नळी दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलीत तर का सांगतेय ते कळेल.

प्रश्न : नवीन घ्यायचं आहे. एकावर १५ बार लिहिलंय, एकावर १९. १९ चं घ्यावं ना? आणि दिवसाला एकच कप पिणाऱ्याने घ्यावं का?

बारचा आकडा पाहून ठरवू नका. पंधरा किंवा एकोणीस बार हा पंपाचा कमाल दाब, पाणी कुठेच जात नसतानाचा. पुडीवर प्रत्यक्षात नऊ बारच्या आसपास पडला की पुरे. आकील्ले गाजिया यांच्या तरफेच्या मशीनने १९४८ च्या सुमारास कॉफीवर पहिल्यांदा तो सोनेरी साय-फेस, क्रेमा, आणला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने हाताच्या जोराऐवजी विजेचा पंप लावला. तेव्हापासून नऊ बार हेच माप चालत आलं आहे.

मी मशीन निवडताना बाजूचं दार उघडून बघते. ब्रू ग्रुप हाताने निघतो का, टाकी समोरून काढता येते की प्रत्येक वेळी मशीन ओढावं लागतं, खण आणि ट्रे किती सहज सरकतात, दुधाचे भाग किती आणि सुटे होतात का, सुटे भाग मिळतात का. पडद्यावर चोवीस पेयांची चित्रं असली तरी घरात रोज दोनच बटणं दाबली जातात. ग्राइंडरची कडी चिनी मातीची की पोलादाची, यावर फार वेळ घालवू नका, दोन्ही टिकतात. चिनी मातीची कडी दाण्यांत आलेल्या खड्याने फुटते, एवढंच.

दिवसाला एक कप असेल तर मी घेऊ नका म्हणेन. मशीन चालू होताना आणि बंद होताना स्वतःला धुतं, त्यात तुमच्या कपाहून जास्त पाणी जातं. हॉपरमधले दाणे दिवसेंदिवस पडून राहतात, आणि आठवड्याची धुलाई सात कपांना असो की सत्तर कपांना, तेवढीच. एका कपाला हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि कागदी गाळणी पुरते, कॉफीही सुरेख होते. घरात तिघं-चौघं वेगवेगळ्या वेळी पिणारे असतील तर मात्र हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. डॉक्टरांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफीन सांगितलंय. मशीनचा एक कप म्हणजे किती?

डॉक्टरांनी सांगितलेला आकडा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या अहवालातही आहे. आता हिशेब करू. अरेबिका दाण्यात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास. मशीनने दहा ग्रॅम अरेबिका दळली तर त्यात १२० मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं कपात उतरतं. तेवढीच रोबस्टा असेल तर २२०, म्हणजे एका कपातच मर्यादेला टेकलात. तेव्हा पाकिटावर 'शंभर टक्के अरेबिका' पाहून घ्या, 'माइल्ड'वर एकच कप ठेवा आणि चहा, चॉकलेटही त्याच हिशेबात धरा. दुसरा कप हवासा वाटला तर कॅफीन काढलेली पूड बायपासच्या झाकणातून, म्हणजे ग्राइंडर टाळून तयार पूड घालायच्या तोंडातून, घालता येते. एका वेळी एकच सपाट चमचा, आणि हॉपरमध्ये पूड कधीच नाही.

प्रश्न : कोलेस्टेरॉल वाढलंय. एका मित्राने सांगितलं, मशीनची कॉफी त्याला वाईट. खरं का?

त्यात तथ्य आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाची द्रव्यं असतात, ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणी त्यांना बरंचसं अडवते, धातूची जाळी अडवत नाही, आणि आपल्या मशीनमध्ये धातूची जाळी असते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कामाच्या ठिकाणच्या मशीनची कॉफी तपासली, तेव्हा तिच्यात ही द्रव्यं कागदातून गाळलेल्या कॉफीपेक्षा पुष्कळ जास्त आढळली. दिवसाला तीन-चार कप होत असतील तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. मधला मार्ग म्हणून मशीनची मोठ्या कपाची कॉफी कागदी गाळणीतून ओता. वरचा क्रेमा जाईल, पण कॉफीचा वास राहतो. माझा भाऊ दोन वर्षं अशीच पितो आहे.

प्रश्न : वडिलांची दृष्टी गेल्या वर्षी पूर्ण गेली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्वतः कॉफी करायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. आमच्या मशीनला टचस्क्रीन आहे, त्यामुळे ते आता आमची वाट पाहत बसतात. काही करता येईल का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. करता येईल, आणि अवश्य करा.

टचस्क्रीनवर बोट टेकलं की काम सुरू होतं, म्हणून चाचपडण्याची सोय नाही. बाजारात उठावाचे चिकट ठिपके मिळतात. ते पडद्यावर न लावता पडद्याच्या कडेला लावा, त्यांच्या पेयाच्या अगदी सरळ रेषेत. कडेचा ठिपका सापडला की बोट आत किती न्यायचं ते हाताला आठवड्याभरात बसतं. त्यांचं पेय पहिल्या पडद्यावर पहिल्या जागी आणून ठेवा, मशीन ठरल्या वेळी आपोआप चालू होण्याची सोय असेल तर ती लावा. पुढेमागे मशीन बदललंत तर खरी दाबायची बटणं असलेलं घ्या.

कप नळीखाली नेमका यावा म्हणून ट्रेच्या जाळीवर रबरी पट्टीचे दोन तुकडे काटकोनात चिकटवा. कप त्या कोपऱ्यात सरकवला की जागेवर बसला. वाफेची नळी दुसऱ्या बाजूला वळवून ठेवा आणि तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळा, म्हणजे हात लागताच कळेल. टाकी भरायला एक ठरावीक तांब्या ठेवा. किती तांब्यांनी ती भरते ते त्यांनी एकदा मोजलं की पाणी सांडणार नाही. खण रोज रात्री तुम्ही रिकामा करा. तो भरल्याची सूचना फक्त दिव्याने येते, आणि सकाळी त्यांना ती मिळणार नाही.

बाकीचं मशीन आवाजाने सांगतं, ते त्यांना एकदा शेजारी बसून ऐकवा. चालू झाल्यावरचं पाणी ट्रेमध्ये पडतं तो आवाज पोकळ असतो, कप तोपर्यंत ठेवायचा नाही. मग ग्राइंडर, भरड आणि जड. मग टक् असा आवाज, म्हणजे पूड दाबली गेली. क्षणभर शांतता, मग पंप. दाणे संपत आले की ग्राइंडरचा आवाज एकदम वर चढतो, हलका आणि खडखडीत होतो, रिकाम्या डब्यात दोन खडे हलवल्यासारखा. हॉपर रिकामा करून तो आवाज त्यांना मुद्दाम दोनदा ऐकवा, आणि दाण्यांचा डबा मशीनच्या उजव्या हाताला, रोज त्याच जागी ठेवा.